मामाचं माळरान : सूर्याला द्यायचं की वाऱ्याला?



मागच्या सेमिस्टरला आपल्या पेपरात एक प्रश्न होता. सौरऊर्जा आणि पवनऊर्जा यांची तुलना करा, गुण आठ. मी मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे सौर, उजवीकडे पवन. प्रदूषण नाही – प्रदूषण नाही. इंधनखर्च नाही – इंधनखर्च नाही. रात्री चालत नाही – वारा नसेल तर चालत नाही. आठपैकी सहा मिळाले आणि मी खूश झाले.

दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा कळलं की त्या सहा गुणांची किंमत शून्य आहे. मामाचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात. हा कायमचा दुष्काळी पट्टा. मामाची तीन एकर जमीन नुसतं माळरान आहे, तिच्यात कुसळं सोडून काही उगवत नाही. शिवाय विहिरीखाली दोन एकर आहेत, त्यात ज्वारी आणि कांदा होतो. पश्चिमेच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग दिसते. आणि आता गावात एक माणूस फिरत होता की माळरान सोलर प्लँटसाठी भाड्याने द्या म्हणून. मामाने मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "इंजिनिअर होतीयास ना गं? मग सांग, ह्या दोन्हीतलं खरं कामाचं काय? चक्कीवाल्याला रान दिलेलं बरं का सोलरवाल्याला?"

मी रकाने आठवायला लागले. प्रदूषण नाही – प्रदूषण नाही... मामा म्हणाला, "ते हाय गं. पर लाईट दिवसा मिळंल का?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना केलेला अभ्यास आहे. शाळा कॉन्व्हेंट असल्यामुळे माझं मराठी जरा अडखळतं, तेवढं सांभाळून घ्या.

प्रथम वाऱ्याचं बघू, कारण आमच्या जिल्ह्यात तो आधी आला. भारतात पहिले पवनऊर्जा प्रकल्प १९८६ मध्ये किनारपट्टीवर उभे राहिले आणि त्यात आपली रत्नागिरी होती. तेव्हाची यंत्रं ५५ किलोवॅटची, आजच्या मानाने खेळणीच. पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून सातारा जिल्ह्यातील पठारांवर खरी गर्दी झाली. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठार हे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे. तिथे आणि शेजारी चाळकेवाडीला शेकडो चक्क्या आहेत. त्यातली बरीचशी यंत्रं ३५० किलोवॅटची.

पठारच का? याचं उत्तर एका सूत्रात आहे. वाऱ्यातून मिळणारी शक्ती म्हणजे अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले पात्यांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले वाऱ्याच्या वेगाचा घन. सगळी गंमत त्या 'घन' शब्दात आहे. वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट नाही, आठपट होते. आणि वेग निम्मा झाला तर आठवा हिस्साच उरतो! शिवाय वाऱ्यातली सगळी शक्ती काढून घेता येत नाही. ती काढली तर पात्यामागची हवा जागीच थांबेल आणि नवी हवा यायला वाट राहणार नाही. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मर्यादा काढून दिली, ती ५९.३ टक्के. प्रत्यक्षात चांगलं यंत्र ४० टक्क्यांच्या आसपास किंवा थोडं वर जातं.

मी गणित करून पाहिलं. जुन्या ३५० किलोवॅटच्या यंत्राचा पात्यांचा व्यास साधारण ३३ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ८५५ चौरस मीटर. पठारावर हवा थोडी विरळ, म्हणून घनता १.१ धरली. वारा सेकंदाला ८ मीटर असेल आणि ४० टक्के शक्ती काढता आली, तर उत्तर येते सुमारे ९६ किलोवॅट. वारा ४ मीटरवर आला की फक्त १२ किलोवॅट. आणि १२ मीटर झाला की ३२५, म्हणजे यंत्र जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालू. तीच चक्की, तोच डोंगर, आणि एकाच दिवसात १२ ते ३२५! पाटीवर '३५० किलोवॅट' लिहिलेलं असतं ते म्हणजे चांगल्या दिवसाचा आकडा. वारा फारच वाढला, साधारण सेकंदाला २५ मीटरच्या वर गेला, तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं, ते वेगळंच.

हे समजल्यावर उंच मनोरे का बांधतात तेही समजते. जमिनीलगत झाडं, घरं, खडक यांच्या घर्षणाने वारा मंदावतो. सपाट उघड्या जमिनीसाठी एक ढोबळ नियम वापरतात, उंचीच्या गुणोत्तराचा सातवा भाग घातांक घ्यायचा. ५० मीटरवरून १४० मीटरवर गेलं तर वेग साधारण १६ टक्केच वाढतो. एवढ्यासाठी एवढा लोखंडी खर्च? पण १६ टक्क्यांचा घन केला की शक्ती ५५ टक्के वाढते. (डोंगराच्या कड्यावर हा नियम तितकासा लागू पडत नाही, तिथे वारा चढण चढतानाच दाबला जाऊन वेगवान होतो. म्हणून तर पठारं निवडली.) आता भारतात ३ मेगावॅटची, १४४ मीटर व्यासाची यंत्रं बनतात. १४४ मीटर म्हणजे आपल्या कॉलेजच्या ग्राउंडवर मावणार नाही. मिनिटाला दहाच फेरे घेतात, खालून आळशी वाटतात, पण पात्याचं टोक तेव्हा ताशी २७० किलोमीटरच्या वेगाने जात असतं.

सूर्याचं गणित सोपं आहे. तिथे घन नाही, सरळ प्रमाण आहे. अर्ध ऊन, अर्धी वीज. म्हणून सौरऊर्जेचा अंदाज करणं सोपं जातं आणि बँकवाल्यांनाही ती आवडते. सिलिकॉनचा पहिला उपयोगी सोलर सेल १९५४ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत तयार झाला, त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. १९६१ मध्ये शॉक्ली आणि क्वाइसर यांनी दाखवून दिलं की एकाच थराच्या सेलला साधारण ३३ टक्क्यांच्या पुढे जाता येणार नाही. म्हणजे वाऱ्याला जसा बेट्झ, तसे उन्हाला हे दोघे! आज बाजारात मिळणारं पॅनेल २० ते २२ टक्क्यांचं असतं. ५५० वॅटचं एक पॅनेल म्हणजे जवळपास २.६ चौरस मीटर, दारापेक्षा थोडं मोठं.

पण इथेही पाटीवरचा आकडा फसवा. ५५० वॅट मिळतात ते सेलचं तापमान २५ अंश असेल आणि चौरस मीटरला १००० वॅट ऊन पडत असेल तेव्हा. आता माणमध्ये एप्रिलच्या दुपारी चाळीस अंश असताना पॅनेल २५ अंशाला राहील का? काचेखालचा सेल ६५ अंशांपर्यंत सहज जातो. प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर चाळीस अंशांची १४ टक्के घट. ५५० चे झाले ४७३. म्हणजे पॅनेलला ऊन हवं, पण उष्णता नको. मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग ते माझ्यासारखंच की. उजेड पायजे, पर चुलीचा जाळ नको." आमच्या सरांनीसुद्धा इतकं चांगलं समजावलं नव्हतं.

पाटीवरच्या आकड्याऐवजी वर्षाचा हिशोब धरायचा असेल तर एक आकडा महत्त्वाचा आहे, क्षमतेचा किती टक्के वापर होतो तो. रात्र, ढग, सकाळ-संध्याकाळ हे सगळं धरून महाराष्ट्रातल्या साध्या सौर प्रकल्पाचा तो १९ टक्क्यांच्या आसपास येतो. पवनचक्कीचा जुन्या यंत्रांना २० टक्के, नव्या उंच यंत्रांना चांगल्या जागी ३० टक्के किंवा जास्त. आता हिशोब करा. १ मेगावॅट सौर प्रकल्प वर्षाला साधारण साडेसोळा लाख युनिट देणार आणि त्याला चार ते पाच एकर जमीन लागणार. ३५० किलोवॅटची जुनी चक्की सहा लाख युनिट. ३ मेगावॅटचं नवं यंत्र मात्र जवळपास ७९ लाख युनिट! म्हणजे नव्या एका चक्कीएवढी वीज हवी असेल तर सुमारे वीस एकर माळ पॅनेलने झाकावा लागेल.

इथे मला वाटलं की प्रश्न सुटला, वारा जिंकला. जमीन कमी लागते, चक्कीचा पाया आणि रस्ता सोडला तर खाली मेंढरं चरू शकतात. सौरला मात्र चारी बाजूंनी कुंपण. आमच्या भागात मेंढरावर जगणारी घरं आहेत, त्यांच्या दृष्टीने 'पडीक माळरान' असं काही नसतंच. ते सरकारी कागदावरच पडीक असतं. हा मुद्दा मी परीक्षेत लिहिला नव्हता, कारण माहीतच नव्हता.

मी मामाला म्हटलं, "मामा, चक्कीच बरी."

मामा हसला. डोंगराकडे बोट केलं. "बघ, फिरतीया का एक तरी?"

दिवाळीचे दिवस. सगळ्या चक्क्या उभ्या.

हाच खरा मुद्दा आहे आणि तो रकान्यात बसत नाही. आपल्याकडचा वारा म्हणजे मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वारा. भारतात वर्षभराच्या पवनविजेपैकी साधारण ६० ते ७० टक्के वीज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तयार होते. आता शेतकऱ्याला पाणी उपसायची गरज कधी? नोव्हेंबर ते मे. ज्वारी, कांदा, हरभरा, नंतर उन्हाळी चारा. ज्या महिन्यांत विहिरीवरची मोटर चालवायची, त्याच महिन्यांत चक्की झोपलेली! याउलट ऊन सर्वांत भरपूर असतं ते फेब्रुवारी ते मे. पिकाला तहान लागते ती उन्हामुळे, आणि त्याच उन्हाने मोटर चालते. निसर्गाने जुळवून दिलेली अशी जोडी मी तरी दुसरी पाहिली नाही.

शिवाय दिवसाचा प्रश्न. ज्यांचं गाव नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतीच्या पंपांना थ्री फेज वीज चोवीस तास नसते, ती पाळीने मिळत आली आहे. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मामा अकरा-बाराला उठून दारं धरायला जातो. हातात बॅटरी, पायात कधी चप्पल, कधी तीही नाही. सापाची भीती, आता काही भागांत बिबट्याचीही. दोन वर्षांपूर्वी मामाचा पाय चिखलात मुरगळला आणि तो सकाळपर्यंत बांधावर बसून राहिला, कारण हाक ऐकायला कोणी नव्हतं. मामी रात्रीच्या पाळीला झोपत नाही. 'लाईट दिवसा मिळंल का' या प्रश्नाचा अर्थ मला त्या रात्री मामीबरोबर ओट्यावर बसले तेव्हा कळला.

महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली ती याच कारणासाठी. सुरुवातीचे पथदर्शी प्रकल्प राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी इथे झाले. कल्पना अशी की मोठ्या प्रकल्पातून शेकडो किलोमीटर वीज आणण्यापेक्षा गावाजवळच्या सबस्टेशनपाशी छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. २०२३ पासून तिची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठेवला. एकराला सुमारे पन्नास हजार. मामाच्या तीन एकरांचे दीड लाख. कुसळांपासून दीड लाख!

मी पुढचा हिशोब केला. ५ हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ३.७३ किलोवॅट, मोटरची कार्यक्षमता धरली तर ती साधारण साडेचार किलोवॅट ओढते. आठ तास चालली की ३६ युनिट. १ मेगावॅटचा सौर प्रकल्प दिवसाला सरासरी साडेचार हजार युनिट देतो. म्हणजे सव्वाशे मोटरी आठ तास. आमच्या गावच्या मोटरींना दीड-दोन मेगावॅट पुरेल. अर्थात सगळ्या एकदम सकाळी आठला सुरू केल्या तर नाही, कारण ऊन दुपारपर्यंत चढत जातं. आणि गावात प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, लाईट आली की सगळ्या मोटरी एका क्षणात सुरू! डीपी जळतात त्या उगाच नाही. म्हणून मागे ग्रिडचा आधार लागतोच.

आता सौरऊर्जेचे तोटे सांगितले नाहीत तर लेख जाहिरात वाटेल. पहिला तोटा सगळ्यांना माहीत आहे, संध्याकाळी सातला शून्य. आणि नेमकं सातलाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. देशात जितकी सौरऊर्जा वाढते तितकी दुपारी वीज भरपूर आणि संध्याकाळी एकदम खड्डा, असं होतं. तो खड्डा कोळसा, पाणी किंवा बॅटरी यांनी भरावा लागतो. शेतीचा भार दुपारवर आणणं हा त्यावर एक चांगला उपाय आहे, कारण ज्वारीला पाणी दुपारी दोनला दिलं काय नि रात्री दोनला दिलं काय, घरातल्या दिव्यासारखी तिची वेळ ठरलेली नसते.

दुसरा तोटा मला एकदम अनपेक्षित होता. धूळ. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून ती धुवावी लागतात. १ मेगावॅटला साधारण अठराशे पॅनेल. एकाला दोन लिटर पाणी धरलं तरी एका धुण्याला ३६०० लिटर. पंपाच्या पाण्यापुढे हे काहीच नाही, मान्य. पण आमच्या गावात मे महिन्यात टँकर येतो. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या आणि कुंपणाच्या आत काचा धुतल्या जातायत, हे दृश्य मला काही बरं वाटत नाही. कोरड्या ब्रशने साफ करणारी यंत्रं आता निघाली आहेत. मामाला मी सांगितलं, करारात पाणी कुठून आणणार हे लिहून घ्या.

आता थोडं पैशांचं. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा पहिल्या लिलावांत सौरविजेचा दर युनिटला दहा-बारा रुपये होता. तेव्हा पवनवीज स्वस्त आणि सौर ही श्रीमंतांची हौस असं मानलं जाई. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला इथल्या लिलावात सौर २ रुपये ४४ पैशांवर आली. वाऱ्याचा देशातला पहिला लिलाव त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला, दर ३ रुपये ४६ पैसे. डिसेंबरमध्ये गुजरातेत तो २ रुपये ४३ पैशांपर्यंत खाली आला. आणि डिसेंबर २०२० मध्ये सौर गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे! मार्च २०१८ अखेर देशात पवनऊर्जेची क्षमता ३४ गिगावॅट आणि सौर सुमारे २२. मार्च २०२५ अखेर सौर १०५ च्या वर आणि पवन ५०. सात वर्षांत मागचा घोडा दुपटीने पुढे.

असं का झालं? माझं मत असं की पॅनेल हा कारखान्यात छापण्याचा माल आहे, मोबाईलसारखा. जितके जास्त कराल तितका स्वस्त. चीनने ते केलं. चक्कीचं तसं नाही. प्रत्येक पातं ट्रकवर लादून घाटातून वर न्यायचं, प्रत्येक डोंगराचा वारा आधी मोजायचा, प्रत्येक पाया वेगळा. दुसरं कारण धोरणाचं. सुरुवातीच्या काळात पवनचक्की घेणाऱ्याला आयकरात ८० टक्के वेगवान घसारा मिळे. त्यामुळे ज्यांचा विजेशी काही संबंध नाही अशा कंपन्यांनी, सिनेमातल्या मंडळींनीसुद्धा चक्क्या घेतल्या. सूट मिळत होती चक्की उभारण्याची, फिरवण्याची नाही! २००९ च्या शेवटी युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन आलं, तेव्हा कुठे वीज किती होते याकडे लक्ष गेलं. चक्क्या भारतात बऱ्याच अंशी इथेच बनतात ही मात्र वाऱ्याच्या बाजूची मोठी गोष्ट आहे, आणि पुण्याचं नाव त्यात आहे.

गावात आणखी एक गोष्ट ऐकली. चक्क्या आल्यापासून पाऊस पळाला. २००३ च्या आसपासच्या दुष्काळात सातारा-सांगली भागात ही तक्रार खूप जोरात होती. मी आधी हसले, मग लाज वाटली. ज्याच्या डोळ्यांसमोर त्याच वर्षी चक्क्या उभ्या राहिल्या आणि त्याच वर्षी पीक जळालं, त्याला तसं वाटणारच. पण शास्त्र बघितलं तर पावसाचे ढग काही किलोमीटर उंच वाढलेले असतात, त्यांना घेऊन येणारा वारा शेकडो किलोमीटर रुंद असतो. त्यातून शंभरेक मीटर उंचीपर्यंतच्या चिमूटभर हवेची थोडी शक्ती काढल्याने तो वळत नाही. माणला पाऊस कमी पडतो कारण सह्याद्रीने तो आधीच अडवलेला असतो, आणि सह्याद्री चक्क्यांच्या फार आधीपासून आहे.

चक्क्यांचा खरा परिणाम वेगळाच निघाला, आणि तोही आमच्याच जिल्ह्यात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे चक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. आणि सरडे जास्त! गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला एक सुंदर सरडा तिथे राहतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला २०१६ मध्ये 'सरडा' हेच मराठी नाव दिलं. शिकारी नाहीत म्हणून हे सरडे बिनधास्त झाले, माणूस जवळ आला तरी पळेनात. पण संख्या वाढल्यामुळे खायला कमी पडून ते रोडावले. म्हणजे चक्कीने जणू त्या पठारावर वरच्या शिकाऱ्याची जागा घेतली. 'पर्यावरणपूरक' हा शब्द लिहिताना मी आता दोनदा विचार करते.

माझ्या शाखेचा म्हणून एक मुद्दा. जुन्या चक्क्यांमध्ये इंडक्शन जनरेटर असे, तो वीज देताना ग्रिडकडून रिअॅक्टिव्ह पॉवर ओढून घेई, त्यासाठी कपॅसिटर लावावे लागत. नव्या यंत्रांत आणि सौर प्रकल्पात इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतो, तो रिअॅक्टिव्ह पॉवर उलट देऊही शकतो. पण फिरणाऱ्या जड चाकाचा जो आधार कोळशाच्या किंवा पाण्याच्या जनित्राकडून ग्रिडला मिळतो, तो सौरकडून आपोआप मिळत नाही. हे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला चांगलं आहे, कोणाला हवं असेल तर मला भेटा.

मग वारा टाकाऊ का? मुळीच नाही. तो मामाच्या विहिरीच्या कामाचा नाही इतकंच. नकाशा बघा. वनकुसवड्याच्या खालीच कोयना आहे. कोयनेची जलविद्युत क्षमता १९६० मेगावॅट, पण पश्चिमेकडे वळवून वीज करायला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे कोयनेची वीज हा मोजून दिलेला साठा आहे. जून-जुलैमध्ये, धरण भरत असताना वर पठारावर चक्क्या जोरात फिरतात. त्या वेळी चक्क्यांची वीज वापरायची आणि कोयनेचं पाणी संध्याकाळच्या खड्ड्यासाठी, पुढच्या उन्हाळ्यासाठी राखायचं. पावसाळ्यात सौर ढगाखाली जातं तेव्हाही हाच वारा उभा राहतो, आणि तो रात्रीही वाहतो. ऑगस्टमध्ये धरण भरून दरवाजे उघडल्यावर पाणी राखण्यात तेवढा अर्थ उरत नाही हे खरं. तरी मला वाटतं, त्या पठारांवरच्या जुन्या ३५० किलोवॅटच्या चक्क्यांचं आयुष्य आता संपत आलं आहे, तिथे कमी संख्येने मोठी यंत्रं बसवावीत. चांगला वारा असलेल्या जागा आपण सर्वांत लहान यंत्रांनी अडवून ठेवल्या आहेत. नव्या डोंगरावर नवा रस्ता खणण्यापेक्षा हे कितीतरी बरं, त्या सरड्यांसाठीसुद्धा.

हे सगळं मी वहीत मांडून मामाला वाचून दाखवलं. निघायच्या आदल्या दिवशी. मामाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे माळ सोलरला दिला तर माझी मोटर दिवसा चालंल."

मी 'हो' म्हणणार होते. पण गावचा वायरमन चहाला आला होता, तो मध्येच म्हणाला, "तसं नाय आण्णा. तुमचा माळ एका सबस्टेशनच्या हद्दीत येतो, विहिरीचा फीडर दुसऱ्या. हितली वीज तिकडच्या मोटरींना जाणार. तुमच्या फीडरला सोलर लागंल तवाच तुमची दिवसाची लाईट."

माझ्या वहीत बेट्झ होता, शॉक्ली होता, घन होता, पण फीडर नव्हता! भाडं माळाला मिळणार आणि दिवसाची लाईट दुसऱ्या गावाला. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मिळू दे की. तिकडं बी कुणीतरी रात्रीचं दारं धरतच असंल." मामी मात्र आतून म्हणाली की आधी आपल्या फीडरचं लिहून घ्या, मग सही करा.

मी तिच्या बाजूने आहे. आपल्या फीडरचा नंबर कधी लागणार, असा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. मजकूर माझा, शुद्धलेखन मामाचं. त्याच्यासोबत चार मुद्दे करारासाठी काढून दिले : पाणी कुठून, मेंढरांची वाट कुठून, पंचवीस वर्षांनी पॅनेल कोण उचलणार, आणि भाडं थकलं तर काय. अर्ज देऊन आता पाच आठवडे झाले आहेत. काल फोन केला तर मामीने उचलला. या आठवड्यात रात्रीची पाळी आहे, मामा झोपला होता.